सर्वांच्या रानात एकाचा कॅमेरा

अमेरिकेत केंद्र सरकारच्या मालकीची सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे. देशाच्या एकूण भूभागाच्या चौथ्या हिश्श्याहून ती अधिक भरते. नेवाडासारख्या राज्यात तर दर पाच एकरांमागे जवळजवळ चार एकर सरकारचे आहेत. तिच्यात वनखात्याची जंगले आहेत, भूव्यवस्थापन विभागाची माळराने आहेत, आणि यातल्या बऱ्याचशा भागात कोणाही नागरिकाला हिंडता येते, तंबू ठोकता येतो, परवाना काढून हंगामात शिकारही करता येते. शिकारी मंडळी उन्हाळ्यातच तिथे जाऊन हरणांच्या वाटा आणि एल्क या मोठ्या हरणाचे पाणवठे हेरून ठेवतात आणि जवळच्या एखाद्या झाडाला पट्ट्याने कॅमेरा बांधून घरी परततात. त्याला ते ट्रेल कॅमेरा म्हणतात. व्याघ्रगणनेच्या बातम्यांमुळे आपल्याकडे तोच कॅमेरा ट्रॅप या नावाने ओळखीचा झाला आहे. काही आठवड्यांनी मालक परत येतो तेव्हा कधी कधी झाडापाशी फक्त कापलेला पट्टा उरलेला असतो. कायदा याला चोरीच म्हणतो. पण करणाऱ्याला, आणि पुष्कळदा ऐकणाऱ्यालाही, ती चोरी वाटत नाही. ‘सरकारी जंगलात ठेवायचाच कशाला?’ असे उलट मालकालाच विचारले जाते. या विचारण्यामागे मालकीविषयीची एक पक्की समजूत आहे आणि ती तपासून पाहायला हवी. जी जागा सर्वांची, तिथे धनी हजर नसताना ठेवलेली वस्तू त्याची राहते का? राहत असेल, तर कशाच्या बळावर?

वस्तू तशी लहान. तळहातावर मावेल एवढी, झाडाच्या सालीच्या रंगाची पेटी. उष्ण रक्ताचे जनावर समोरून हलले की आतल्या संवेदकाला त्याची उष्णता जाणवते आणि छायाचित्र निघते. रात्री डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात तेच काम होते. कल्पना जुनी आहे. जॉर्ज शिरास यांनी रात्री टिपलेली वन्यप्राण्यांची छायाचित्रे ‘नॅशनल जिओग्राफिक’ने १९०६ साली छापली, आणि एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२०च्या दशकात उत्तर भारतातल्या जंगलांत तारेला पाय लागताच उघडणाऱ्या कॅमेऱ्याने वाघ टिपले. आजचा कॅमेरा पन्नासेक डॉलरपासून काहीशे डॉलरपर्यंत मिळतो, आणि त्यातले महागडे प्रकार छायाचित्र काढताक्षणी मालकाच्या फोनवर पाठवतात. तरी शिकाऱ्याला हळहळ वाटते ती पैशांपेक्षा आतल्या कार्डाची. कोणते जनावर किती वाजता कुठून येते, वारा कोणत्या बाजूचा असताना ते पाणवठा टाळते, हे सारे त्या नखाएवढ्या कार्डात साठलेले असते. काही चोर कॅमेरा जागीच ठेवून फक्त कार्ड काढून नेतात, त्यावरूनच खरा ऐवज कोणता ते कळते. नेणारेही एका जातीचे नसतात. कोणी सहज वाटेवर सापडले म्हणून नेतो, कोणी त्याच एल्कवर डोळा ठेवून असलेला दुसरा शिकारी असतो, कोणी हंगामाबाहेर शिकार करताना टिपला गेल्याच्या भीतीने नेतो, आणि कोणी शिकारीचाच विरोधक असतो. हेतू इतके निरनिराळे, पण जवळजवळ सर्वांच्या तोंडी समर्थन एकच असते: ही जागा काही त्याच्या बापाची नव्हती.

इमॅन्युएल कांटने १७९७ साली आपल्या हक्कमीमांसेत या प्रश्नाच्या मुळाला हात घातला होता. माझ्या हातातले सफरचंद कोणी हिसकावले तर ते माझ्या देहावरचेच आक्रमण झाले. त्यात मालकीचा प्रश्न अजून आलेलाच नाही. सफरचंद खाली ठेवून मी दूर निघून गेलो, आणि तरीही ते नेणाऱ्याने माझा अपराध केला असे म्हणता येत असेल, तरच ते माझे होते. म्हणजे मालकी हे हात आणि वस्तू यांच्यातले नाते नाहीच. ते माणसामाणसांतले नाते आहे, आणि माणूस गैरहजर असताना ते टिकते की नाही हीच त्याची परीक्षा आहे. झाडाला बांधलेला कॅमेरा हे या विचाराचे जवळजवळ निर्भेळ उदाहरण म्हणावे लागेल. घरातल्या वस्तूला भिंत असते, शेतातल्या पिकाला बांध असतो, खिशातल्या पाकिटाला अंगाची ऊब असते. त्यात ताबा किती आणि हक्क किती हे वेगळे काढता येत नाही. कॅमेऱ्यापाशी यांतले काहीच नाही. देवळाबाहेर काढलेल्या चपलांसारखा तो निव्वळ दुसऱ्यांच्या सद्बुद्धीवर सोडलेला असतो, आणि देवळाची पायरी सर्वांची आहे म्हणून तिच्यावरच्या चपला सर्वांच्या झाल्या असे कोणी म्हणत नाही. कांटने एक अट मात्र घातली होती. अशी मालकी पक्की होते ती सर्वांना बांधणाऱ्या कायद्याच्या छत्राखाली. त्याआधी ती तात्पुरती असते. सार्वजनिक जंगलाची स्थिती या दोहोंच्या मधली आहे. कायदा आहे, पण तो राबवणारा अधिकारी कित्येक मैल दूर आहे. अशा ठिकाणी हक्काला आधार उरतो तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या मनाचा, आणि म्हणूनच धर्मविचाराला इथे कायद्यापेक्षा अधिक बोलण्यासारखे आहे.

बौद्ध विनयात भिक्खूला संघातून कायमचे बाहेर काढणारे जे चार अपराध सांगितले आहेत, त्यांतला दुसरा न दिलेली वस्तू घेण्याचा. नियम सांगतानाच तिथे स्पष्ट केले आहे की वस्तू गावातून घेतलेली असो वा अरण्यातून, अपराध तोच. अरण्याचा हा उल्लेख नुसता ओघाने आलेला नसावा. रानात पडलेले ते कोणाचेच नाही ही समजूत तेव्हाही असणार. पुढच्या परंपरेने चोरी पूर्ण व्हायला पाच गोष्टी लागतात असे ठरवले: वस्तू दुसऱ्याची असणे, ती दुसऱ्याची आहे हे घेणाऱ्याला जाणवणे, चोरीचा हेतू, त्यासाठीचा प्रयत्न, आणि वस्तू जागेवरून हलणे. याच विनयाने एक सवलतही ठेवली. फेकून दिलेल्या चिंध्यांची चीवरे शिवणाऱ्या भिक्खूने एखादी वस्तू टाकून दिलेली आहे असे प्रामाणिकपणे समजून उचलली, तर त्याला दोष लागत नाही. ही सवलत मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती सारा निवाडा पाहणाऱ्याच्या प्रामाणिक जाणिवेवर आणून ठेवते. मग कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला काय दिसते? ताणून बसवलेला पट्टा, कित्येकदा तारेचे कुलूप किंवा पोलादी पेटी, भिंगासमोरची छाटलेली फांदी, वाटेवर अचूक रोखलेली नजर. या साऱ्या खुणा एकच सांगतात की कोणीतरी परत येणार आहे. ज्यूंच्या मिश्नाने असाच प्रसंग नेमका पकडला आहे. कुंपणाआड किंवा शेतातल्या पायवाटेवर एकत्र बांधलेली कबुतराची पिल्ले सापडली तर त्यांना हात लावू नये, कारण बांधलेली म्हणजे कोणी तरी जाणूनबुजून ठेवलेली. हरवलेल्या वस्तूवर मालकाने आशा सोडली आहे का, याचा तालमूदमध्ये पुष्कळ काथ्याकूट आहे. इथे आशा सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मालकाने काही हरवलेलेच नाही. आणि वस्तू खरोखरच बेवारस असली तरी? १९३०मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांविषयी लिहिताना गांधींनी हीही पळवाट बंद केली: वाटेवर सापडलेली वस्तू राज्याची किंवा स्थानिक सत्तेची असते, सापडणाऱ्याची नव्हे.

इथवर बाजू कॅमेरावाल्याची झाली. पण त्याची बाजू जितकी तो स्वतः समजतो तितकी रुंद नाही. १८०५ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका कोल्ह्याचा खटला आला होता. एक जण शिकारी कुत्रे घेऊन ओसाड, कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या जागेत कोल्ह्याचा पाठलाग करत होता; दुसऱ्याने ते डोळ्यांनी पाहत असतानाच मध्ये घुसून कोल्हा मारला आणि नेला. न्यायालयाने बहुमताने मारणाऱ्याच्या बाजूने कौल दिला: नुसत्या पाठलागाने रानटी जनावरावर मालकी येत नाही. पिअर्सन विरुद्ध पोस्ट हा खटला अमेरिकेत कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात, एका वेगळ्याच मुद्द्यासाठी दाखला देताना, याच्याशी जुळणारी धारणा येते: शेत ज्याने खुंट काढून मोकळे केले त्याचे, आणि हरीण ज्याचा बाण आधी लागला त्याचे. बाणाची जागा नुसती नजर घेऊ शकत नाही. कॅमेऱ्याने हरीण टिपले म्हणून हरीण कॅमेरावाल्याचे होत नाही, पाणवठा त्याचा होत नाही, ज्या झाडाला पट्टा बांधला तेही झाड त्याचे होत नाही. हंगामाच्या पहिल्या पहाटे दुसराच कोणी त्या झाडाखाली येऊन बसला, तर पहिल्याला रागवायचा अधिकार नाही. प्रत्यक्षात तो रागावतो. ‘माझी जागा’ हे शब्द त्याच्या तोंडात फार लवकर येतात, कारण उन्हातान्हात चढून जाऊन त्याने ती शोधलेली असते. जॉन लॉकने श्रम मिसळल्याने मालकी येते असे म्हटले आणि या भावनेला आधार दिला. पण श्रम इथे शोधण्यात गेले आहेत, घडवण्यात नाहीत, आणि जे शोधले ते आधीपासून सर्वांचे होते. माझे म्हणणे या जागी येऊन ठेपते. कॅमेरा मालकाचा आहे हे निर्विवाद ठरते ते त्याने वस्तू आणि जागा वेगळ्या ठेवल्या तर. तो जितका जागेवर हक्क सांगू लागतो, तितका वस्तूवरचा त्याचा स्वच्छ हक्क गढूळ होत जातो. आणि कॅमेरा चोरणारा नेमकी हीच गल्लत उलट्या बाजूने करतो: जागा मालकाची नाही, तेव्हा वस्तूही मालकाची नाही.

ही गल्लत वरवर समतेच्या भाषेत बोलते म्हणून तिचा नीट विचार करायला हवा. कोणी म्हणेल, सर्वांच्या रानात आपली पेटी ठोकणे हाच मुळात आक्रमणाचा पहिला पाय आहे. कुंपण असेच सुरू होते. रूसोने १७५५ साली विषमतेच्या उगमाची कहाणी पहिले कुंपण घालणाऱ्या माणसापासूनच सुरू केली होती, आणि त्याचे खुंट वेळीच कोणी उपटायला हवे होते असे सुचवले होते. मग पट्टा कापणारा हा तो खुंट उपटणारा का नव्हे? याला दोन उत्तरे देता येतात. जैन आचार्य पूज्यपाद यांनी तत्त्वार्थसूत्रावरच्या टीकेत एक सूक्ष्म शंका घेतली आहे. न दिलेले घेणे ही चोरी, तर गावात भिक्षेला जाणारा मुनी रस्त्यावरून चालतो तेही न दिलेले घेणे नाही का? उत्तर असे की रस्ता सर्वांसाठी सामान्यपणे मोकळा सोडलेला आहे, म्हणून तो दिल्यासारखाच. पण बंद दारातून मुनी आत शिरत नाही, कारण ते मोकळे सोडलेले नाही. सार्वजनिक जंगलाचेही असेच आहे. तिथे चालणे, पाहणे, बसणे सर्वांना दिलेले आहे. दुसऱ्याने कुलूप लावून ठेवलेली वस्तू त्या दानात आलेली नाही. दुसरे उत्तर विनोबांच्या आयुष्यातून मिळते. जमीन हवा-पाण्यासारखी सर्वांची आहे, तिच्यावर खासगी मालकी असूच नये, असे त्यांच्याइतक्या निःशंकपणे क्वचितच कोणी मांडले असेल. तरी १९५१पासून पुढची वर्षे ते गावोगाव पायी फिरले ते मागत. ज्याची मालकी त्यांना तत्त्वतःच मान्य नव्हती त्याच्याकडूनही त्यांनी ती दानानेच घेतली. मालकी खोटी ठरवण्याचा अधिकार आणि वस्तू उचलण्याचा अधिकार यांच्यात केवढे अंतर आहे, हे त्या पदयात्रेने दाखवले. आणि पट्टा कापणारा खुंट उपटून तिथेच टाकत नाही. तो पेटी घरी नेतो.

याहून अवघड आक्षेप खुद्द शिकाऱ्यांच्या नीतीतून येतो. अमेरिकन शिकारीच्या परंपरेत न्याय्य पाठलागाची एक कल्पना आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने ती जोपासली: जनावराला निसटायची खरी संधी हवी, शिकाऱ्याच्या हाती अवास्तव वरचष्मा नको. जागच्या जागी छायाचित्र पाठवणाऱ्या कॅमेऱ्याच्या मदतीने मारलेले जनावर हा क्लब आपल्या नोंदीत घेत नाही. पश्चिमेकडच्या कोरड्या प्रदेशात हा प्रश्न विशेष टोचतो. तिथे पाणी मोजक्याच जागी असते, त्यामुळे एकेका पाणवठ्याभोवती कॅमेऱ्यांची दाटी होते, आणि ते तपासायला येणाऱ्या माणसांच्या खेपांनी तहानलेली जनावरे बुजतात. ॲरिझोना राज्याच्या वन्यजीव आयोगाने जून २०२१मध्ये शिकारीसाठी ट्रेल कॅमेरा वापरण्यावर बंदी घालायचे ठरवले आणि ती १ जानेवारी २०२२पासून लागू झाली. नेवाडा आणि युटा यांनी हंगामापुरती बंदी घातली, कॅन्ससने २०२३मध्ये राज्याच्या ताब्यातल्या सार्वजनिक शिकारभूमीवर कॅमेरे बंद केले. या बंदीमागचा युक्तिवाद मला पटतो. जनावराचे लपणे हीच त्याची एकमेव ढाल आहे, आणि झोपेतही जागे राहणारा डोळा ती काढून घेतो. गांधींनी तर गरजेपेक्षा जास्त घेणे हीसुद्धा चोरीच मानली होती. त्या मापाने पाणवठ्यावरची ती दाटी निर्दोष ठरणार नाही. पण यातून कॅमेरा नेणाऱ्याचे समर्थन होत नाही, आणि याचे कारण तपशिलातच आहे. तो वरचष्मा नष्ट करत नाही, फक्त आपल्याकडे वळवतो. कार्डातली माहिती आता त्याच्याकडे असते, पेटी पुढच्या वर्षी त्याच्या झाडावर असते. समतेसाठी झगडणाऱ्याने आयोगाच्या बैठकीत नावानिशी उभे राहायचे असते, आणि ॲरिझोनात लोक तसे उभे राहिलेही. मनूने आठव्या अध्यायात धन्याच्या समोर बळाने नेणे आणि त्याच्या माघारी नेणे यांत फरक केला, आणि नेऊन नाकबूल जाणे दुसऱ्या प्रकारात घातले. तो फरक इथे उपयोगी पडतो. विरोध असेल तर तो उघड असतो. चोरी लपते, आणि कॅमेऱ्याच्या चोरीत तर चोर आपल्याच कृत्याचा साक्षीदार बरोबर घेऊन जातो.

साक्षीदार म्हटले की खासगीपणाचा मुद्दा येतो. जंगलात एकांतासाठी गेलेल्या माणसाला आपण नकळत कोणाच्या तरी फोनवर पोहोचलो हे कळले, तर त्याचा संताप समजण्यासारखा आहे. याचे सर्वांत कठोर उदाहरण भारतातले आहे. २०१८च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि त्यांतून सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे निघाली. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात माणसे टिपली जाणारच. उत्तराखंडात कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरात सरपण-चारा गोळा करायला जाणाऱ्या बायकांवर अशा कॅमेऱ्यांचा काय परिणाम झाला, याचा अभ्यास २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. गाणी म्हणत, मोकळेपणाने बोलत रानात वावरणाऱ्या बायका कॅमेऱ्यांच्या धाकाने गप्प झाल्या. एका स्त्रीचे अर्धवस्त्र अवस्थेत टिपलेले छायाचित्र गावात फोनाफोनी फिरवले गेले, आणि चिडलेल्या गावकऱ्यांनी सापडतील ते कॅमेरे फोडले. हे कृत्य आणि आपला विषय एका तराजूत घालता येणार नाहीत. तिथे इजा देहाच्या लाजेपर्यंत पोहोचली होती, ती सत्तेच्या यंत्रणेकडून झाली होती, ज्यांनी नियम करायचे त्यांनीच विश्वास मोडला होता, आणि गावाने केले ते एकत्र, आणि का केले हे सांगायलाही ते कचरले नाहीत. त्यातला एकही कॅमेरा कोणाच्या फायद्यासाठी दुसऱ्या झाडावर गेला नाही. ज्याला खरोखर आपल्या एकांताची काळजी आहे, त्याला अमेरिकेतल्या पायवाटेवर कॅमेऱ्याचे तोंड झाडाकडे वळवता येते, त्यावर आपल्या नावाची चिठ्ठी लावता येते, वनकार्यालयात तक्रार करता येते. वस्तू न नेता एकांत राखायचे इतके मार्ग असताना नेणारा एकांताचे नाव घेतो, तेव्हा ते ऐकून घ्यावे पण मानू नये.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना आणखी एक प्रश्न आला असेल, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. जो हरणाचा प्राण घ्यायला निघाला आहे, त्याच्या पेटीसाठी एवढा कळवळा का? भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर छंदाची शिकार बंदच झाली. आपल्या नैतिक जाणिवेत शिकारी हा सहानुभूतीचा विषय उरलेला नाही. अमेरिकेतला शिकारी यावर सांगेल की १९३७च्या कायद्यामुळे बंदुका-काडतुसांवरच्या करातून तिथल्या वन्यजीव संवर्धनाला दशकानुदशके पैसा मिळत आला आहे. ते खरे आहे, पण इथे ते उत्तर म्हणून मी वापरणार नाही. न दिलेले न घेण्याचे व्रत समोरच्याच्या सद्गुणांवर अवलंबून ठेवले, तर ते व्रतच राहत नाही. कोणाची वस्तू घ्यावी आणि कोणाची नाही, हे प्रत्येकाने मालकाचे चारित्र्य पाहून ठरवायचे म्हटले, तर प्रत्येक चोराला आपल्या धन्याचा एखादा दोष सहज सापडेल. महाव्रतांच्या यादीत अहिंसा आधी येते आणि अस्तेय नंतर, पण आधीच्याच्या नावाने नंतरचे मोडायची मुभा पतंजलींनी दिली नाही, जैनांनी तर नाहीच. शिकारीला विरोध करणारा माणूस कॅमेरा पळवतो तेव्हा हरीण वाचते असेही नाही; शिकारी नवा कॅमेरा आणतो. विनयात या ठिकाणी एक चमत्कारिक वाटणारी तरतूद आहे: जनावराच्या ताब्यातली वस्तू घेतली तर भिक्खूला या नियमाखाली दोष लागत नाही. म्हणजे प्राचीन नियमकर्त्यांनीही मालकीचे जग माणसांपुरते आखले होते. हरणाला मालकीच्या भाषेत न्याय देता येत नाही. त्याला तो दयेच्या भाषेतच मागावा लागेल, आणि तो मागायची जागा पट्टा कापण्यात नाही.

उरतो राखणीचा प्रश्न. शिकारी आता कॅमेरा दहा फूट उंच बांधतात, पोलादी पेटीत कुलूपबंद करतात, लालसर चमकही दिसू नये असा अवरक्त दिवा निवडतात, आणि पहिल्या कॅमेऱ्यावर नजर ठेवायला दुसरा लपवतात. दुसऱ्याची राखण कोणी करायची, या प्रश्नाला शेवट नाही. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये ग्लॉकनने अदृश्य करणाऱ्या अंगठीची कथा सांगितली ती याचसाठी: कोणी पाहत नसताना न्यायाने वागणारा माणूस असतो का? सह्याद्रीतल्या देवरायांत हा प्रश्न देवावर सोपवलेला होता. काडीही न्यायची नाही, कारण पाहणारा तिथेच बसलेला आहे. नेवाडाच्या माळावर असा कोणी बसलेला नाही, आणि भिंगाचा डोळा देवाची जागा घेऊ शकत नाही, कारण तो स्वतःच चोरीला जातो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९०च्या ग्रंथात सामायिक संपत्ती टिकवणाऱ्या समाजांचा अभ्यास मांडला. नियम वापरणाऱ्यांनीच केले आणि एकमेकांवर नजरही त्यांनीच ठेवली, तिथे कुरणे आणि पाटाचे पाणी शतकानुशतके टिकलेले त्यांना दिसले. सार्वजनिक रानातल्या प्रत्येक चोरीने या नजरेतला विश्वास कमी होतो आणि कुलूप वाढते. ज्याला दुसरा कॅमेरा परवडत नाही, तो माणूस आधी बाहेर पडतो. सर्वांची जमीन ही गरिबाची शिकारभूमी आहे, हे अमेरिकेत अभिमानाने सांगितले जाते. चोरीचा पहिला फटका नेमका त्याला बसतो.

मालकही काही देणे लागतो. कॅमेऱ्यावर नाव किंवा परवान्याचा क्रमांक लिहावा, पायवाटेपासून तोंड दुसरीकडे ठेवावे, हंगाम संपताच तो काढून न्यावा. राष्ट्रीय उद्यानांत तर ठरवून दिलेल्या जागा सोडता २४ तासांहून अधिक काळ वस्तू सोडून जाणेच निषिद्ध आहे. सर्वांत अवघड प्रसंग उरतो तो जुन्या कॅमेऱ्याचा: पट्टा सालीत रुतलेला, विजेऱ्या फुटून गंजलेल्या, दोन-तीन पावसाळे उलटून गेलेले. इथे मालकाने आशा सोडली असे मानायला जागा आहे. तरी सापडणाऱ्याने आधी नाव शोधावे, आणि नाव नसेल तर पेटी वनकार्यालयात द्यावी. मनूने धनी न सापडलेली वस्तू राजाने तीन वर्षे सांभाळावी असे सांगितले आहे, आणि त्या मुदतीत येणाऱ्याला ती कशी होती ते सांगून आपला हक्क पटवावा लागे. मुदतीनंतर कार्यालयाने ती सापडणाऱ्यालाच दिली, तर ती त्याला दिलेली असेल. आतले कार्ड त्याने मालक ओळखण्यापुरतेच पाहावे. कोणता एल्क कोणत्या वेळी पाण्यावर येतो हे त्याला हवे असेल, तर तो पाणवठा त्याचाही आहे, आणि तिथे जाऊन बसायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही.